दोराचं दुसरं टोक

"आधी दोर, मग स्क्रू," नवरा धक्क्याच्या काठावर बसून म्हणाला.

ती कमरेइतक्या पाण्यात, होडीच्या मागे उभी होती. वारा वाढत चालला होता. संध्याकाळपर्यंत वादळ येणार, होडी धक्क्यावर आपटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. होडी फुटली तर फळ्या बदलता येतात. इंजिन गेलं तर घरातली चूल विझणार, म्हणून ते सोडवून धक्क्यावर घ्यायचं होतं. शेजारी आपापल्या होड्या ओढण्यात गुंतले होते आणि नवऱ्याला कुणाला हाक मारायची नव्हती. लकव्यानं उजवा हात लुळा पडला, तरी बसल्या जागेवरून हुकूम चालूच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसला माणूस.

तिनं दोराचं एक टोक इंजिनाच्या कडीला बांधलं, दुसरं नवऱ्याकडे फेकलं आणि त्याच्या मागच्या खुंट्याला बांधायला सांगितलं. त्याची बराच वेळ खटपट चालली होती. ती पेट्रोलची नळी काढत होती, तिनं वळून पाहिलं नाही.

"बांधलं?"

"बांधलं."

हे काम तिनं आजवर नुसतं पाहिलं होतं. पहिला स्क्रू सुटला. दुसरा गंजून बसला होता. हातोडीनं ठोकल्यावर तो एकदम सैल झाला, आणि तेवढ्यात लाटेनं होडी उचलली. इंजिन फळीवरून निसटलं. तिनं त्याला मिठी मारली, पण पायाखालचा चिखल सरकला आणि इंजिन हातांतून खाली घसरू लागलं. जाऊ दे, दोर आहे ना, असं म्हणत तिनं वर पाहिलं.

खुंटा मोकळाच होता. दोर नवऱ्याच्या सदऱ्याखाली गेला होता. नवरा बसल्या जागी काठाकडे ओढला जात होता, आणि काठाखाली नुसते दगड होते.

ती ओरडली, "अहो, सोडा ती गाठ."

"ताण असला की सुटत नाही ही," तो म्हणाला. आवाज शांत होता, पण डावा हात धक्क्याची कड चाचपत होता.

मग तिनं इंजिनाखाली गुडघा घातला, छाती लावली आणि ते कसं उचललं ते तिचं तिलाच कळलं नाही. दोर सैल पडला. धक्क्याची एकेक पायरी चढत तिनं इंजिन वर आणून ठेवलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. भीती आता कुठे खरी चढत होती.

"खुंट्याला एका हातानं गाठ बसत नाही," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "कमरेला बसते."

एवढंच सांगितलं असतं, तर ती वर येऊन बांधून गेली असती. तिनं इंजिनाच्या कडीची गाठ सोडली. त्याच्या कमरेची तशीच ठेवली. मोकळं टोक मुठीला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि उठली.

"आणि इंजिन?" त्यानं विचारलं.

"ते ठेवलं तिथे राहतं," ती म्हणाली आणि घराकडे वळत दोराला हलकेच ओढ दिली.