नव्यांचं स्वागत

पीएचडीला लागून तिला वर्ष झालं होतं. प्रयोगशाळेतलं कोपऱ्यातलं टेबल तिचं, डबाही ती तिथेच स्क्रीनकडे बघत खायची. "मैत्रिणी झाल्या का गं?" असं आईने फोनवर विचारलं की "ढीगभर!" म्हणून मोकळी व्हायची. सुरुवातीला असं बोलून ती घाईघाईने विषय बदलायची. आता तेही करावं लागत नव्हतं.

त्या दिवशी विभागात नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत होतं. चहा घ्यावा आणि सटकावं, म्हणून ती दाराशीच उभी राहिली. तेवढ्यात वर्षभर तिच्या शेजारच्याच टेबलावर बसणारा सीनियर हसत पुढे आला.

"नवीन ना तू? अगं, अशी परक्यासारखी काय उभी राहतेस? ये, बस."

कुणीतरी सरकून जागा दिली, कुणी बिस्किटं पुढे केली. एकीने तर लगेच तिचा नंबर घेतला. "रविवारी आम्ही सगळे सिनेमाला जातोय, तूही यायचंस हं!"

"मग, कधी आलीस इथे?" सीनियरने विचारलं.



"कालच," ती म्हणाली.