चौथं मॉडेल

"क्लच न दाबता गिअर पडते? मले काही पटून नाही राहिलं, पोरी."

तुलाराम शोरूममधल्या निळ्या आर-फिफ्टीन मोटरसायकलपुढे उकिडवा बसला होता. "खरंच काका. चौथ्या मॉडेलात आलं ते," शालू म्हणाली. ती तिथे विक्रीला होती आणि या म्हाताऱ्याला चांगली ओळखत होती. सिहोऱ्याहून भंडाऱ्याला कचेरीच्या कामाला आला, की तुलाराम आधी इथे डोकावायचा. गाडी घ्यायची नाही, हे तो पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला होता. त्याला नुसती माहिती हवी असे. सायकलीपलीकडे त्याने जन्मात काही चालवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत त्याची उजळणी सुरू झाली. पहिल्या मॉडेलला एकच लांब सीट. दुसऱ्यात सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा माणूस मचाणावर चढला. तिसऱ्यात इंजिन थोडं वाढलं, दीडशे सीसीचं एकशे पंचावन्न. चौथ्यात क्लचबिगर गिअर. म्हातारा स्वतःशीच बोटं हलवतोय हे पाहून शेजारची बाई खिडकीकडे सरकली.

हे खूळ त्याला कुलदीपपायी लागलं. एकुलता एक मुलगा पुण्याकडे कारखान्यात लागला आणि बापलेकाचं बोलणं आटलं. पाऊस झाला, धान बरं आहे, घे, आईशी बोल. संपलं. त्याची बायको बेबीबाई मग पोराशी तासभर बोलायची आणि तुलाराम खाटेवर बसून तिचे हुंकार मोजायचा. पोराच्या आवाजासाठी त्याचा जीव तळमळायचा, पण बोलायचं काय, तेच सुचत नसे. एकदा त्याने सहज विचारलं, "गाडी कशी हाये तुही?" कुलदीपने तेव्हा जुनी, पहिल्या मॉडेलची आर-फिफ्टीन घेतली होती. पोरगा असा काही खुलला, की बेबीबाईच्या हातात फोन येईपर्यंत चुलीवरचा भात करपला. बुडत्याला काडी सापडली. त्या दिवसापासून तुलारामने ती काडी सोडली नाही.

रविवारी सकाळी त्याने फोन लावला. उचलला सुनेने, तृप्तीने.

"मामाजी, ते आंघोळीले गेले, येतीलच आता. आज तुमच्यासाठी लय अभ्यास केला त्यायनं."

"कायचा अभ्यास?"

"गाड्यांचा. शनिवार आला का मोबाईलवर तेच वाचत बसतात. मी म्हणते, तुमची गाडी तर लग्नाच्या आधीच विकली, आता कायले डोकं खपवून राहिले? तर म्हणतात, बाबाले गाड्यांचा नाद हाये. दुसरं काही बोलतच नाही बाबा माह्यासंग. हे नाही वाचलं तर बोलू काय?"

लग्नाला तर कितीतरी दिवस झाले होते. दर रविवारी तुलाराम गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारत होता, आणि पोरगा न चुकता सांगत होता. त्याला हसू आलं. तिकडे एवढ्या लांब, कामाने थकलेलं पोर, बापाशी बोलायला मिळावं म्हणून पाठांतर करत बसत होतं.

पलीकडे दार वाजलं. कुलदीपचा घाईचा आवाज आला. "बाबा, चौथं मॉडेल आलं, ऐकलं का? क्लच न दाबता गिअर पडते त्याचा."

बेबीबाईने नेहमीसारखा फोनसाठी हात पुढे केला. तुलारामने फोन दिला नाही.

"गाडीचं राहू दे गा," तो म्हणाला. "तुह्याबिना घर खायले उठते. येऊन जा."