नैवेद्याचं नाक

देवाचा नैवेद्य आधी चाखायचा नसतो, म्हणून इंदूबाई जन्मभर वासावरूनच मीठ आणि गूळ ओळखत आली होती. आता तिच्या त्या नाकाच्या जिवावर तिचा साईराज शेलूच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, व्हेपमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटमध्ये, भरायचं लिक्विड बनवत होता. पोरं हे ओढून धूर सोडतात, हे आईला कोण सांगणार?

"सरबताचा इसेन्स हाय गं. चाखू नको, नुसता वास घे."

"गोड लय झालंय रं. जांभूळ म्हंजे जरा तुरट नको?"

ती बाटली नाकाला लावून सांगायची, तो थेंब थेंब टाकायचा. जांभूळ असं जमलं, की कर्जतपासून चौकपर्यंतची कॉलेजची पोरं दुसरं काही मागेनाशी झाली.

एका सकाळी साईराजची अकरावीतली मुलगी समीक्षा धापा टाकत बाथरूमच्या दारातच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडावर धरला. "दोन्ही फुप्फुसं खराब झालीयेत. काही ओढते का ही?"

"नाय हो!" साईराज ठासून म्हणाला. "माझी पोरगी तसली नाय."

इंदूबाई नातीच्या तोंडाशी वाकली. डोळे मिटून तिनं वास घेतला आणि तिच्या जिवात जीव आला.

"घाबरू नका डाक्टर, पोरीनं काय वंगाळ घेतलेलं नाय. आमच्या घरचंच जांभळाचं सरबत हाय. साईराजला मीच जमवून दिलंय."