कोरडा शिधा

सुमनबाईंनी ताटावरचा विणलेला रुमाल दोन बोटांनी उचलला. वाटलं होतं तेच खाली होतं. कच्च्या शेवया, साखर, खारीक, खोबऱ्याची वाटी, चारोळीची पुडी आणि कडेला दुधाची पिशवी. गेल्या ईदलाही शेजारच्या मुमताजकडून हेच आलं होतं.

"कोरडंच," त्या म्हणाल्या.

"असू दे ना आई. संध्याकाळी आले की करते शिरखुर्मा." सून निकिता डबा पिशवीत कोंबत होती. दवाखान्यातल्या लॅबला आज सुट्टी नव्हती.

"शिजवून द्यायला हात दुखतो का तिचा?"

"कोरडं टिकतं तरी," निकिता म्हणाली आणि स्कूटी घेऊन निघून गेली.

सुमनबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. सकाळपासून शेजारून तुपात परतलेल्या खारकांचा वास येत होता. मुमताजचा नवरा फक्रुद्दीन फडक्याने कड धरून एक पातेलं कोपऱ्यावरच्या अंजुमच्या घरी घेऊन गेला होता. फडक्याने धरलं म्हणजे गरम होतं. समोरच्या वृषालीकडे रुमाल घातलेलं ताट गेलं. त्यात काय होतं ते दिसलं नाही, पण शिजवलेलंच असणार हे सुमनबाईंनी ठरवून टाकलं.

वर्षभरातलं एकेक त्यांना आता आठवायला लागलं. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मुमताजने भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं होतं आणि थोडी हसली होती. ते हसू कसलं होतं? रोज भिंतीपलीकडून गप्पा मारायची, पण घरात आली की बाहेरच्या खोलीपुढे पाऊल टाकायची नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची आणि तिथेच थबकायची. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर पोचवून आल्यावर सुमनबाई स्वतः केळ्यांची फणी घेऊन तिच्याकडे गेल्या, तर तीही तिने उंबऱ्यातच हातात घेतली. आत या म्हणाली नाही.

हे असलं अंतर सुमनबाईंना कुणी शिकवायला नको होतं. काष्टीकडच्या त्यांच्या माहेरी गावात लग्न निघालं की आईच्या पदरात पीठ आणि डाळ वरून पडायची. वाढणारी बाई हात उंच धरायची. तुमच्यात नेऊन शिजवा, म्हणायची. पंगतीचा वास तेवढा घरापर्यंत यायचा. छोट्या सुमनला त्या वासाने भूक लागायची आणि त्या भुकेची लाज वाटायची.

त्यांनी ताट उचललं.

दारात जाऊन त्या क्षणभर थांबल्या. मुलगा संदीप साखर कारखान्यावर, सून दवाखान्यात. कोल्हारला आल्यापासून दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणजे ही एक मुमताज. गुडघ्याला तेल कुठलं लावायचं ते तिनेच सांगितलं होतं. ताट परत केलं की भिंतीवरचं बोलणं संपणार होतं. संपू दे, त्या मनाशी म्हणाल्या. जे आपलं नव्हतंच, ते कशाला धरून ठेवायचं.

मुमताज नव्या कपड्यांत, कपाळाला घाम, हातात डाव घेऊन दाराशी आली.

"या मावशी. ईदीला आलात व्हय? मग आधी मुबारक म्हणावं लागतंय."

सुमनबाईंनी ताट पायरीवर ठेवलं. "हे तुझं तुला."

"का वो? दूध नासलं का?"

"दूध चांगलं हाय. पन आमाला नाक हाय. सकाळधरनं वास येतोय तुझ्या घरातनं. अंजुमकडं गरम पातेलं गेलं, आन् आमाला कोरडा शिधा. तुझी भांडी आमच्या घरात आली तर बाटत्यात का?"

मुमताजला आधी कळलंच नाही. मग कळलं, तसा तिने डाव हळूच मागच्या टेबलावर ठेवला.

"मावशी, वृषालीताईंकडं बी कोरडंच गेलंय. गल्लीत सगळीकडं कोरडंच जातं. माझी सासू द्यायची तसंच मी देते. आमच्यातलं शिजलेलं लोकांला चालत न्हाई, म्हनून." ती थांबली. "कुनाच्या सैपाकघरात बी जात न्हाई मी. बोलावल्याबिगर कशाला जायचं? मागनं फरशी पुसून घेत्यात, ते बघायला नको वाटतं."

सुमनबाई वृषालीच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. ठरवून टाकलेलं ताट त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

"तुमाला चालतं, मावशी?" मुमताजने विचारलं. "आमच्यातलं?"

"न चालायला काय झालं?" सुमनबाई ताडकन म्हणाल्या. "आमी कुनाची शिवाशिव पाळत न्हाई. जल्मात पाळली न्हाई. ज्यानं सोसलंय, त्यो दुसऱ्याला असं करंल का?"

मुमताजने वाकून ताट उचललं, कलंडलेली दुधाची पिशवी सरळ केली. तिच्या आवाजात राग नव्हता. पुष्कळ दिवस विचारू की नको असं वाटलेलं विचारावं, तसं तिने विचारलं.

"पौर्णिमेला खीर केल्ती ना तुमी? वेलदोड्याचा वास पार आमच्या मागच्या खोलीत आला व्हता." तिने ताटावरचा रुमाल नीट केला. "आमाला केळी आली."