डब्यातली चिठ्ठी

सायबीण दारात आली तेव्हा मेर्सिनने आधी पाहिलं ते मूर्ती धरलेल्या हातांकडे. दुमिंगचे हात. तळव्यांपासून मनगटापर्यंत भाजल्याचे गुळगुळीत, गुलाबी डाग. तिने मूर्ती अशी बेताने घेतली, की त्या हातांना आपलं बोटसुद्धा लागू नये.

देवबागच्या त्या वाडीत सायबीण, म्हणजे देवमातेची ही लहान मूर्ती, मे महिन्यात घरोघर फिरते. एक दिवस एका घरी, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच घरच्यांनी ती शेजारी पोचवायची. दुमिंग आणि त्याची बायको फिलू अगदी लागूनचे शेजारी. चार वर्षं मेर्सिनने काही ना काही निमित्त काढून ही पाळी चुकवली होती. यंदा पाद्रींनी तिचं ऐकलं नाही.

मूर्तीबरोबर बिस्किटांचा एक जुना डबा येतो. आपलं मागणं चिठ्ठीवर लिहायचं आणि त्यात टाकायचं. दुसऱ्याची चिठ्ठी कोणी वाचायची नाही. महिना संपला की पाद्री सगळ्या चिठ्ठ्या वाडीच्या कपेलासमोर, त्या छोट्या चर्चपुढे, जाळतात.

लादाईन, म्हणजे सायबिणीची गाऊन करायची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटून झाले. निघता निघता फिलूने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. घरी टाकायची राहिली म्हणाली. चिठ्ठी डब्यात टाकताना तिने मेर्सिनकडे पाहिलं आणि चटकन नजर फिरवली. मेर्सिनच्या मनात पाल चुकचुकली. चार घड्या घातलेली चिठ्ठी! देवाकडे मागताना एवढं लपवायचं काय असतं?

तसा तिचा संशय आजचा नव्हता. चार वर्षांपूर्वी, भर दुपारी, तिचा मांगर, जाळी ठेवायची खोपी, जळाला होता. आठच दिवस आधी जाळी सुकवायच्या जागेवरून दुमिंगशी कडाक्याचं भांडण झालेलं. आणि आगीच्या वेळी मांगरामागून, खाडीच्या बाजूने एकटाच येताना लोकांनी पाहिला तो दुमिंगच. "आग विझवूक गेलंय," एवढंच तो म्हणाला. मग ओरडला का नाही? कोणाला हाक का मारली नाही? त्यावर त्याने खाली घातलेली मान आजवर वर केली नव्हती. मेर्सिनने कपेलाच्या दारात, सगळ्या वाडीसमोर, त्याला आग लावणारा म्हटलं. तेव्हापासून लादाईनीला व्हायोलिन वाजवणारा दुमिंग मागच्या बाकावर जाऊन बसू लागला.

तिचा नवरा इनास त्या दुपारी होडीत झोपला होता. म्हणजे त्याने तसं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. एवढ्या नुकसानीतून तेवढं एक चांगलं झालं, असं मेर्सिन म्हणायची. पण दारू सुटली आणि त्याला भलतंच खूळ लागलं. उठताबसता एकच, "दुमिंगाक माफ कर गो."

"आदी त्येना कबूल करूंदे. मगे मी बघतंय," असं म्हणून ती त्याला गप्प करायची. कालही त्याने तेच टुमणं लावलं, तेव्हा वैतागून तिने आपली चिठ्ठी लिहिली होती: 'सायबिणी, दुमिंगाक माफ करूक माका बळ दी.' लिहिलं खरं, सायबीण आल्यावर डब्यातही टाकलं, पण मनातून एक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी इनास आत झोपला होता. मेर्सिन डब्यासमोर बसून राहिली. फिलूने आपल्यावर काहीतरी वाईट चिंतलं असणार. नाहीतर नवऱ्याचा गुन्हा लपवायला देवाला मध्ये घातलं असणार. आपल्याच घरात, आपल्याच सायबिणीपुढे? तिने छातीवर बोटांनी खुरीस, क्रुसाची खूण काढली, मूर्तीकडे पाठ केली आणि झाकण उघडलं.

फिलूचं अक्षर तिला शाळेपासून माहीत होतं.

'सायबिणी, मेर्सिन आमच्यार रागावली तरी रागावांदे. इनासाच्या हातातली विडी जाळ्यांर पडली, तो दारू पिऊन थंयच निजलेलो. दुमिंगान त्येका आगीतसून ओढून होडयेत नेऊन घातल्यान. ह्या तिका कधीच कळूक नको. तिचो संसार मोडतलो.'

मेर्सिनने चिठ्ठी दोनदा वाचली. मग होत्या तशा चार घड्या घालून परत ठेवली. कपेलाच्या दारात खाली घातलेली ती मान तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला लाज वाटली, इतकी की सायबिणीकडे वळून पाहायला धीर होईना. बऱ्याच वेळाने तिने डब्यातून आपली चिठ्ठी शोधून काढली आणि पेन घेतलं.

झाकण लावलं तेव्हा इनास उठून बाहेर आला होता.

"लिवलंस काय गो," त्याने नेहमीसारखं विचारलं, "दुमिंगाक माफ करूचा?"

मेर्सिनने त्याच्या हातांकडे पाहिलं. जाळी ओढून घट्टे पडलेले हात. भाजल्याचा डाग एकही नव्हता.

"लिवलंय," ती म्हणाली. "फकत नाव बदललंय."