डावा कान

"हुंदका सांगितला होता, ही उचकी झाली," म्हातारा संगीतकार बटण दाबून काचेपलीकडच्या नातीला म्हणाला. "पाणी पी आणि पुन्हा घे."

नात पाणी प्यायली. डावा तळहात तिने डाव्या कानावर ठेवला आणि ती त्याच ओळीवर पुन्हा घसरली. सूर नेमका होता, शब्द स्वच्छ होते. फक्त ओळीच्या शेवटी आवाज जिथे फाटायला हवा होता, तिथे तो नीट शिवलेला राहिला.

काचेच्या अलीकडे, सोफ्यावर, तिची आई बसली होती. ती या संगीतकाराची लेक. आणि हे गाणे जिच्यामुळे गाजले त्या गायिकेचीही. गायिकेला जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण ते कोणी मनावर घेतले नव्हते. चौकात तिचा पुतळा होता, एक हात कानावर. टीव्हीवरच्या स्पर्धांत दुधाचे दात न पडलेल्या मुली कानावर हात ठेवून तिची गाणी म्हणत आणि परीक्षक डोळे पुसत. गाणे तसे हलकेफुलके होते: प्रियकराला यायला उशीर झाला म्हणून लटके रुसणारी मुलगी. दुसऱ्या अंतऱ्यातल्या एका हुंदक्याने ते अजरामर केले. एका विद्वानाने त्या हुंदक्यावर डॉक्टरेट मिळवली होती. कानावरच्या हाताचाही त्याने उलगडा केला होता: आपला सूर आपल्यालाच ऐकू यावा म्हणून. या गाण्याआधीच्या एकाही छायाचित्रात तो हात कानावर नाही, हे त्याने तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवले आणि तो पुढच्या प्रकरणाकडे वळला.

लेकीला त्या रेकॉर्डिंगच्या दिवसाचे थोडेच आठवत होते. याच स्टुडिओत तिला असेच गप्प बसवले होते. तिचा तान्हा भाऊ हॉस्पिटलमध्ये होता आणि आईचे गाण्यात लक्ष लागत नव्हते. मग बाबा आत गेले, आईच्या कानात काहीतरी बोलले, आणि आई एका दमात गायली. काय बोलले असतील, यावर चरित्रकारांनी एकाहून एक गोड तर्क लढवले होते. बाबांना विचारले की ते हसत आणि म्हणत, "ते आमच्या दोघांतलं." बाळ गेल्याचे मात्र आईला रेकॉर्डिंग आटोपल्यावरच कळले, हे घरात सर्वांना ठाऊक होते. या एका वाक्याच्या आधारावर लेक आजवर जगली होती. निदान ते गाणे संपेपर्यंत तरी आईच्या लेखी बाळ जिवंत होते.

पोरीला या धंद्याचा वारा लागू नये म्हणून तिने जिवाचे रान केले होते. "आजीचं एक गाणं, आई. एकच. मग नाव काढणार नाही," असा हट्ट पोरीने धरला, तेव्हा कुठे तिने मान हलवली होती.

"बाबा, राहू दे ना आता," ती म्हणाली. "हुंदक्याशिवायही छान झालंय. लोक समजून घेतील."

"लोकांना तेवढंच तर हवंय! बाकीचं गाणं काय, कोणीही गातं."

"अण्णा," रेकॉर्डिस्ट चाचरत म्हणाला, "जुन्या टेपवरचा हुंदका कापून इथे बेमालूम बसवून देतो. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल. उसना हुंदका माझ्या घरात चालायचा नाही." म्हातारा काठी टेकत उठला. "मी आत गेलो की लगेच टेक चालू कर. उतरायच्या आत पकडावं लागतं."

आत जाऊन त्याने नातीचा हात अलगद खाली केला, हेडफोन डाव्या कानावरून सरकवला आणि तो वाकला. दारावरचा लाल दिवा लागला. त्याच्या काळी, गायिका तोंड उघडीपर्यंत माइक मुका असे. आताचा माइक आधीपासूनच जागा असतो, हे तो विसरला होता. स्पीकरमधून त्याची कुजबुज खोलीभर स्वच्छ ऐकू आली.

"तुझ्या आजीला इथेच सांगितलं होतं, याच कानात. 'बाळ दुपारीच गेलं. फोन येऊन गेला. रडायचं नाही, आवाज बसेल. एवढं कडवं दे, गाडी खाली उभी आहे.' हं, आता गा."

त्याने हेडफोन जागेवर बसवला आणि तो भिंतीशी सरकून उभा राहिला. वाद्ये सुरू झाली.

लेक ताडकन उठली. दार हाताशीच होते. पण लाल दिवा लागला असताना दार उघडायचे नसते, खोकायचेही नसते, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवले गेले होते. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच थांबला. ती ओळ जवळ येत होती.

हुंदका आला. जागच्या जागी, हुबेहूब, त्या विद्वानाच्या प्रबंधात वर्णिला होता तसा.

दिवा विझला. "आता कसं!" म्हातारा म्हणाला. रेकॉर्डिस्टने मान वर न करता "ओके" म्हटले.

मग लेकीने दार उघडले. पोर माइकसमोरून हलली नव्हती. हेडफोन गळ्यात उतरला होता, गाणे संपले होते, ऐकावा असा कुठलाही सूर त्या खोलीत उरला नव्हता. तरी तिने डावा तळहात डाव्या कानावर घट्ट दाबून धरला होता. आणि आई काही सांगायला वाकली, तशी ती दचकून मागे सरली.