जुनीच ठोका

सुकन्याच्या सायकलीची पुढची रिम पुन्हा वाकली, आणि या वेळी अशी वाकली की फिरतं चाक बघून अंगणातल्या कोंबडीला चक्कर आली.

"ही रिम हाय का जिलेबी?" सायकल बघायला आलेले हबीबचाचा म्हणाले. "ठोकून ठोकून माझी हातोडी झिजली, पोरी. आता नवीच टाक."

ओसरीवरून सासरे कडाडले. व्यंकटराव नुसते खोकले तरी तिकडे लातूरच्या दाळ मिलीतली पोती हलायची, असा त्यांचा आवाज. "नवी न्हाई आन जुनीबी न्हाई! सायकल भंगारात घाला. धड चालवता येत न्हाई आन म्हणे लोहा गावच्या दवाखान्यात नर्स हाय! उद्यापासून घरी बस."

सुकन्याला काही उमजेना. संध्याकाळी ती धडधाकट सायकल भिंतीला लावायची आणि सकाळी चाक वाकडं निघायचं. पण सायकल गेली की नोकरीही गेली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"मामा, मी जाणार म्हणजे जाणार," ती म्हणाली. "रिम वाकडी तर वाकडी, तसल्याच चाकावर जाईन."

"जाऊन तर दाखव!"

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. जन्मात कधी नवऱ्यापुढे ब्र न काढलेल्या धुरपताबाई. कोपराला हळद लावलेली, पदर कमरेला खोचलेला. नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्या बोलल्या,



"हबीबभाई, सध्या जुनीच ठोकून द्या. मला ब्रेक जमला की मग नवी बसवू."